वन्स मोर, खोकल्यासकट

तो खोकला नसता तर मला अजूनही कळलं नसतं.

१८ फेब्रुवारी २००७, रविवार. वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा एकेकाळचा गायक आणि बासवादक रॉजर वॉटर्स त्या बँडचा १९७३चा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत अख्खा वाजवणार होता. मी आणि माझा मावसभाऊ डोंबिवलीहून दुपारीच निघालो होतो. २००२ साली वॉटर्स बंगळुरूला आला तेव्हा दोघांच्याही खिशात पैसे नव्हते, त्यामुळे या वेळी सोडायचं नाही हे ठरलेलं. मावशीचं घर नाट्यसंगीतवाल्यांचं. ‘कम्फर्टेबली नम’ हे शेवटचं गाणं संपलं, दिवे लागले, लोक निघायला लागले, तेव्हा भाऊ दोन्ही हात तोंडाशी धरून बालगंधर्वांच्या काळातल्या प्रेक्षकासारखा ओरडला, ‘‘वन्स मोsर!’’ आजूबाजूचे दहा-वीस जण वळून हसले. आमच्या घरात हा किस्सा आजवर शंभरदा तरी सांगून झालाय.

भाऊ आता मेलबर्नला असतो. यंदा त्याची पन्नाशी. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग मिळवून त्याला द्यावं असं माझ्या डोक्यात आलं, आणि तिथूनच सगळी फसगत सुरू झाली.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑडियन्स रेकॉर्डिंग म्हणजे प्रेक्षकांत बसून कुणीतरी गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण. आवाज दुरून येतो, शेजारच्याची बडबड येते, टाळ्या कानाशी वाजतात. मला तेच आवडतं. प्रोग रॉकवाल्यांमध्ये, म्हणजे पिंक फ्लॉइडसारख्यांच्या लांबलचक, प्रयोगशील रॉकच्या चाहत्यांमध्ये, याचं वेड फार जुनं आहे. ‘डार्क साइड’ बाजारात यायच्या वर्षभर आधी, फेब्रुवारी १९७२मध्ये, पिंक फ्लॉइडने लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये तो वाजवला होता, आणि त्याच्या चोरट्या तबकड्या मूळ अल्बमच्या आधीच लोकांच्या घरी पोचल्या. लॉस एंजेलिसला माइक मिलार्ड नावाचा एक अवलिया होता. व्हीलचेअरमध्ये नाकामिची कंपनीचा कॅसेट रेकॉर्डर लपवून तो आत न्यायचा. २६ एप्रिल १९७५चा फ्लॉइडचा कार्यक्रम त्याने असाच टिपला. गंमत अशी, की डिसेंबर २०२५मध्ये फ्लॉइडच्याच ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमची पन्नाशीची आवृत्ती निघाली, तेव्हा बँडने मिलार्डचंच ते रेकॉर्डिंग स्टीव्हन विल्सन या संगीतकाराकडून साफसूफ करून घेऊन अधिकृतपणे त्यात घातलं. चोरीचा माल सावाच्या दुकानात!

या मंडळींचा एक अलिखित दंडक आहे: रेकॉर्डिंग विकायचं नाही. पूर्वी कोऱ्या कॅसेटी आणि टपालखर्च पाठवायचा, समोरचा कॉपी करून द्यायचा. आता फाइली फुकट वाटल्या जातात. सोबत वंशावळ लिहिलेली असते, म्हणजे माइक कुठला, यंत्र कुठलं, कितवी कॉपी. हा दंडक मला वीस वर्षांपासून पाठ आहे. तरीही मी पैसे मोजले.

जुन्या कॅसेट-सीडींच्या एका ग्रुपवर मी विचारणा टाकली होती. तासाभरात खासगी मेसेज आला. ‘‘सर, माझ्याकडे आहे. मिनीडिस्क मास्टर. तुम्ही स्टेजच्या कुठल्या बाजूला उभे होतात?’’

मिनीडिस्क म्हणजे सोनीची ध्वनिमुद्रणाची छोटी चकती, आणि मास्टर म्हणजे मूळ प्रत. त्याचा प्रश्न मला फार आवडला. दर्दी माणूस वाटला. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. डावीकडे, आवाजाच्या मनोऱ्यापाशी. भाऊ सोबत होता. आणि हो, तो ‘वन्स मोर’चा किस्सा. पलीकडून हसण्याच्या चार बाहुल्या आल्या. ‘‘काय योगायोग सर, रेकॉर्डिंग करणारा माझा मित्रही डावीकडेच होता.’’

कुडमुडा जोशी दारात येतो आणि घरातल्या बाईकडूनच सगळं काढून घेऊन तिलाच भविष्य म्हणून सांगतो. तेच झालं, फक्त कुडमुडं वाजलं नाही.

दोन दिवसांनी त्याने तीन मिनिटांचा तुकडा पाठवला. ‘कम्फर्टेबली नम’चा शेवट. वॉटर्सचे गिटारवादक किल्मिन्स्टर आणि स्नोई व्हाइट यांची जुगलबंदी, टाळ्यांचा पाऊस, आणि त्या पावसात, थोडासा लांब, एक आवाज: ‘‘वन्स मोsर!’’

अंगावर काटा आला. रात्री साडेअकराला बायकोला उठवून ऐकवलं. ती म्हणाली, ‘‘आवाज काही त्यांच्यासारखा वाटत नाही हं.’’ मी म्हटलं, एकोणीस वर्षं झाली, आवाज तेव्हा कोवळा होता. एकतीस वर्षांच्या माणसाचा आवाज कोवळा!

फाइलींचे ३,५०० रुपये लगेच पाठवले. फाइली आल्या. मग तो म्हणाला, मित्राला पैशांची नड आहे, मूळ डिस्कच विकायचीय, ८,००० रुपये. पन्नाशीला भावाच्या हातात खुद्द ती डिस्क ठेवायची, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. डिस्कचा फोटो आला. एक गिगाबाइटची हाय-एमडी, म्हणजे जास्त मावणारी मिनीडिस्क, वर मार्करने ‘वॉटर्स मुंबई’. सगळा कार्यक्रम या एकाच डिस्कवर, तोही पीसीएममध्ये, म्हणजे आवाज जराही न दाबता, असं त्याचं म्हणणं. आता हाय-एमडीच्या एका डिस्कवर पीसीएममध्ये मावतात ९४ मिनिटं, आणि त्या रात्रीचा कार्यक्रम मध्यंतर धरून अडीच तासांच्या घरातला. ही ९४ मिनिटं मला झोपेतसुद्धा आठवतात. त्या दिवशी आठवली नाहीत. एकूण ११,५०० रुपये गेले.

पन्नाशीची वाट न बघता मी फाइल भावाला पाठवली. राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

‘‘अरे, हा मी नाही.’’

‘‘तूच आहेस. नीट ऐक.’’

‘‘नीटच ऐकतोय. मी एकदाच ओरडलो होतो, सगळ्यात शेवटी. हा बाबा ‘मनी’नंतर पण ओरडलाय. आणि दर वेळी ओरडून झाल्यावर खोकतो. मला कधी खोकला होता?’’

फोन ठेवला आणि हेडफोन लावून सुरुवातीपासून बसलो. ‘वन्स मोर’ चार ठिकाणी. प्रत्येक वेळी ‘मो’वर तोच हेलकावा, मग अर्ध्या सेकंदाची शांतता आणि मग दोन ठसके, एक कोरडा, एक ओला. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या प्रोग्रॅममध्ये चारही तुकडे एकाखाली एक लावले. लाटा तंतोतंत सारख्या. स्वतःच्या घरात एकदा ओरडून, तेव्हा नेमका आलेला खोकलासुद्धा न कापता, त्याने तो तुकडा चार जागी चिकटवला होता. एकदाच चिकटवला असता तर मी आयुष्यभर तो भावाचा आवाज म्हणून ऐकत राहिलो असतो. हावरटपणा नडला. माझाही नडलाच.

एकदा पट्टी उतरल्यावर मग सगळंच दिसायला लागलं. ड्रमचा एकेक फटका भिंतीवर आपटून परत येत होता. एमएमआरडीएच्या उघड्या मैदानात कुठली आलीय भिंत? अडीच तासांत माइकवर वाऱ्याची एक फुरफुर नाही. विमानतळ हाकेच्या अंतरावर, आणि अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये विमान फक्त अल्बममधल्या ‘ऑन द रन’चं! गाण्यांच्या मधलं वॉटर्सचं बोलणं सगळीकडे कात्री लावून उडवलेलं. एका शांत जागी माइकजवळची बाई काहीतरी पुटपुटते, ते मला कळणाऱ्या कुठल्याच भाषेत नव्हतं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या सुरांचा आलेख, काढला तर आवाज १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखा सपाट संपलेला. म्हणजे मुळात हलकी, बहुधा १२८ केबीपीएसची, बारकावे गाळून लहान केलेली एमपीथ्री, आणि तिलाच फ्लॅकचा, म्हणजे काहीही न गाळणाऱ्या फाइलीचा, कोट चढवलेला. फाइलीचं नाव फ्लॅक आणि आकार दणकट असला म्हणजे माल अस्सल, असं अजिबात नसतं. हे मी स्वतः दुसऱ्यांना सांगत आलोय.

हे खपून जातं त्याचंही कारण आहे. त्या दौऱ्यात मागच्या पडद्यावरची चित्रं गाण्यांशी जुळवलेली होती, त्यामुळे गाणी आणि त्यांचा क्रम गावोगावी जवळपास तोच. कुठल्याही शहराची रात्र उचला, बोलणं कापा, वर ‘मुंबई’ लिहा. माझ्या नशिबी बहुतेक कुठल्यातरी बंदिस्त स्टेडियममधली रात्र आली.

राहिली डिस्क. सोनीने मिनीडिस्कचे प्लेअर २०१३लाच बंद केले, माझ्याकडे कधीच नव्हता. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, दोन दुकानांत नाही म्हणाले, तिसऱ्याने माळ्यावरून एक धुळकट यंत्र काढलं, पुसलं, डिस्क सरकवली. छोट्या पडद्यावर अक्षरं उमटली: ब्लँक डिस्क. दुकानदार भला माणूस. काही बोलला नाही, चहा मागवला.

विक्रेत्याला लिहिलं तर आधी ‘‘मित्राला विचारतो सर’’, मग ‘‘कुरियरमध्ये चुंबक लागलं असेल’’, मग फोटो गायब, मग एकच टिक.

१९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला, पण तोवर तीन आठवडे उलटले होते. तक्रार नोंदवून घेतली. तिकडच्या ताई शांतपणे म्हणाल्या, ‘‘लगेच केला असतात तर खात्यातली रक्कम थांबवता येते.’’ त्यामुळे तुमच्यावर ही वेळ आली तर लाज, राग, घरच्यांना काय सांगू, हे सगळं नंतर. आधी १९३० लावा. मला उशीर झाला तो लाजेनेच. शिवाय पोटात दुसरी भीती होती. कलाकाराच्या परवानगीशिवाय केलेलं असं ध्वनिमुद्रण विकणं आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यातही कलाकाराच्या हक्काचा भंग ठरतं, कलम ३८-अ. चोरीचा माल खोटा निघाला म्हणून चौकीत जायचं कुठल्या तोंडाने? अशा विक्रेत्याची सगळी भिस्त याच संकोचावर असते. ताईंनी मात्र रेकॉर्डिंगबद्दल एक अक्षर विचारलं नाही, फक्त व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ मागितली.

तुम्ही असं काही शोधत असाल तर आपली आठवण आधी सांगू नका. त्याला सांगू दे. मधलं बोलणं असलेला सलग तुकडा मागा, आणि मैदान उघडं होतं की बंद, ते आपल्या कानांना विचारा. आणि त्याने पैशांचा आकडा सांगितला की तिथेच थांबा, कारण खरा वेडा माणूस पैसे मागत नाही, फार तर तुमच्याकडे दुसरं काय आहे ते विचारतो.

भावाने ती फाइल ठेवून घेतलीय. म्हणतो, खोकला चांगला आहे.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण गेल्या मंगळवारचं. दुसऱ्याच एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, वॉटर्सच्या २००२च्या बंगळुरूचं काही आहे का कुणाकडे. खाली एका अनोळखी नंबरवरून उत्तर होतं. ‘‘आहे ना सर. तुम्ही स्टेजच्या कुठल्या बाजूला उभे होतात?’’