कटिंग टेबल आणि माझी कंबर: गृहविज्ञानाच्या प्रयोगशाळांत दीड वर्ष

गेल्या महिन्यात ड्रेपिंगचं, म्हणजे पुतळ्यावर कापड लावून कपडा बेतायचं, सबमिशन चार दिवसांवर आलेलं असताना माझी कंबर धरली. सरळ उभं राहता येईना. तेव्हाच ठरवलं, आमच्या गृहविज्ञान महाविद्यालयातल्या सोयींबद्दल लिहायचं. काय काय आहे याची यादी माहितीपत्रकात तुम्ही वाचलीच असेल, ती पुन्हा देत नाही.

आधी टेबल. वस्त्र विभागातल्या कटिंग टेबलांची उंची ३० इंच आहे, जेवणाच्या टेबलाएवढी. ही बसून काम करायची उंची. कापड आपण उभ्याने कापतो. मी ५ फूट ६ इंच. उभी राहिले की माझं कोपर जमिनीपासून ४१ इंचांवर येतं. उभ्याने करायच्या हलक्या कामाला ओटा कोपराच्या तीन-चार इंच खाली हवा, हे आम्ही शिकलो याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, संसाधन व्यवस्थापनाच्या प्रात्यक्षिकाला. एकमेकींची कोपरं टेपने मोजली, वहीत तक्ते भरले. आणि जिना उतरून खाली आलो की सहा-सहा तास वाकून मांजरपाट कापायचं! याचा मला मनापासून राग येतो. वाकलं की कात्रीचं खालचं पातं टेबलावरून उचललं जातं, कापड सरकतं, मुंढा, म्हणजे बाहीच्या जागेचा गोल काप, वाकडा जातो. माझं दोनदा मीटरभर कापड वाया गेलं. हॉस्टेलच्या खर्चात ते बसत नाही.

शिलाई मशिनांवर मी पहिल्या सत्रात अशीच चिडले होते. घरच्या पायमशीनवर शिकलेला पाय, आणि इथलं मशीन जरा दाब पडला की सुसाट. सुईचा दांडा पूर्ण गोल, लांब खाच डावीकडे ठेवून बसवायची, हे समजेपर्यंत तीन सुया मोडल्या. ते मत आता पार बदललं आहे. खिडकीजवळच्या चार मशिनांना सर्वो मोटर आहे. वेग आपल्याला हवा तेवढाच बांधून ठेवता येतो, पाय उचलला की मोटर थांबते. जुनी क्लच मोटर शिवण बंद असली तरी फिरतच राहते आणि वीज खाते. नव्या मुलींनी पहिले दोन महिने खिडकीचीच जागा धरावी. मी तर स्वतःचं मशीन घ्यायचा बेत सोडला, तेवढे पैसे वाचले.

पोषण प्रयोगशाळेबद्दल तक्रार नाही. काटा एका ग्रॅमपर्यंत नीट दाखवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांची प्रत टेबलावरच असते. त्यात ५२८ पदार्थ आहेत, आकडे १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे. म्हणून वजन निवडून-सोलून झाल्यावर करा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

खरा आनंद दिला तो बालविकास विभागाच्या बालशाळेने. तिथे खुर्चीत बसलेल्या तीन वर्षांच्या मुलाचे तळवे जमिनीला पूर्ण टेकतात. फळा त्याच्या डोळ्यांसमोर, चिंचोके-शिंपल्यांची खोकी हाताला येतील अशी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात हीच दृष्टी होती, साधनं आसपासची आणि माप मुलाचं. तिथे निरीक्षणाला बसले की खालची टेबलं आठवून मला वाईट वाटतं. मुलांची मापं घेणारे लोक याच इमारतीत आहेत.

कंबर धरल्यावर अर्ज केला. नवीन फर्निचर यंदा नाही, असं उत्तर आलं. मग इंटिरियरच्या दोघींबरोबर सुताराकडून बाभळीचे चार ठोकळे करून घेतले. प्रत्येक ७ इंच उंच, वर इंचभर खोल खाच, म्हणजे टेबलाचा पाय घसरत नाही. खर्च ३२० रुपये. टेबल ३६ इंचांवर आलं. माझ्या कंबरेला पहिल्याच आठवड्यात फरक जाणवला. ४ फूट ११ इंचांच्या मैत्रिणीला ते उंच पडतं, ती पाटावर उभी राहून कापते. उरलेल्या पाच टेबलांसाठी वीस ठोकळ्यांचा अर्ज, मापांच्या तक्त्यासकट, सोमवारी दिला आहे.