आरशाचा कंपास (दिशा बघायचं होकायंत्र) घेतला, दोन ट्रेक झाले, आता लिहितो

साडेआठशेला ऑनलाइन घेतला, आरसा असलेला, खाली पारदर्शक पट्टी, द्रव भरलेला. मोबाईल असताना हे कशाला असं घरी सगळ्यांनी ऐकवलं, ते सोडा.

राजगडाच्या बालेकिल्ल्यावर टेस्ट केली. तोरणा उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने २९८ अंशाच्या आसपास, सिंहगड ३० च्या आसपास, तिकडून आपल्याकडची उलटी दिशा काढायला पहिल्यातून १८० वजा केले, दुसऱ्यात मिळवले की ११८ आणि २१०, मग नकाशावर तोरण्यापासून ११८ ची रेघ आणि सिंहगडापासून २१० ची, जिथे कापतात तिथे आपण. आणि खरंच बालेकिल्ल्याजवळच कापल्या, मी तर उडालोच! आपल्याकडे चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (नकाशावरची) यात एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ती वजाबाकी करत बसावी लागत नाही.

पण आरसा नीट धरा हां. तोरणा सरळ रेषेत ७ किमी, एक अंश चुकला तर ७००० गुणिले टॅन १, म्हणजे सव्वाशे मीटर गेले, आणि पाच अंश चुकलात तर सहाशेच्या वर. दहावीत टॅनला शिव्या घातल्या होत्या त्या परत घेतो.

तक्रार एकच, दुसऱ्या ट्रेकला द्रवात बुडबुडा आला, सुई अडखळते. विक्रेत्याला फोटो पाठवलाय, अजून उत्तर नाही. आणि मोबाईल खिशात छातीजवळ असेल तर सुई भरकटते, पहिल्यांदा मीच फसलो, कंपासला उगाच दोष दिला.

पाचपैकी साडेतीन.