बीएल२१(डीई३): सोलापूरच्या उन्हाळ्यासकट वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ई. कोलाय या जिवाणूचा बीएल२१(डीई३) हा स्ट्रेन, म्हणजे हवं ते प्रथिन बनवून घ्यायला वापरतात तो वाण, सतत चालू आहे. मधे हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही येऊन गेले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. कॅटलॉगमधलं कौतुक एसी लॅबला धरून असतं. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेल्यावर हा कसा वागतो, ते त्यात नसतं.

आम्ही बनवतोय बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचं अल्फा-अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम. सोलापुरात हेच का, ते सांगायला नको. टॉवेल-चादरीच्या सुताला विणण्याआधी सायझिंग करतात, म्हणजे खळ देतात. खळ स्टार्चची असेल, तर विणून झाल्यावर ती काढायला अमायलेज लागतं. मूळ जनुकाचा सिग्नल पेप्टाइडचा (प्रथिन पेशीबाहेर धाडणारा) तुकडा काढून उरलेलं पीईटी-२८ए या प्लाझमिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या वर्तुळात, बसवलंय, पुढे शुद्धीकरणात पकडायला हिस्टिडीनचं शेपूट.

उत्पादनाबद्दल तक्रार नाही. स्टुडियर आणि मॉफॅट यांनी १९८६ मध्ये मांडलेली कल्पनाच दणकट आहे: टी७ विषाणूचं आरएनए पॉलिमरेज जिवाणूच्या गुणसूत्रात बसवायचं, ते लॅक या जनुक-स्विचच्या कुलपात ठेवायचं, आणि आयपीटीजी हे रसायन टाकलं की कुलूप उघडतं. हे पॉलिमरेज जिवाणूच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा कितीतरी वेगानं धावतं. शिवाय या स्ट्रेनमध्ये लॉन आणि ओएमपीटी हे दोन प्रोटिएज नाहीत, त्यामुळे तयार झालेलं प्रथिन कापलं जाण्याची भीती कमी. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या पहिल्याच जेलवर, आमच्या प्रथिनाच्या जागी, ५५ किलोडाल्टनच्या आसपास असा जाड पट्टा आला की एमएस्सीच्या मुलांनी फोटो काढून स्टेटसला ठेवला.

खरी गोम पुढे आहे. तो पट्टा जवळजवळ सगळा पेलेटमध्ये, म्हणजे पेशी फोडल्यावर तळाशी बसणाऱ्या न विरघळलेल्या गाळात, होता. ३७ अंशांवर प्रथिन इतक्या झपाट्यानं बनतं की त्याला नीट घडी पडायला सवड मिळत नाही, आणि गोळे होऊन इन्क्लुजन बॉडी तयार होतात. स्टार्चवर येणारा आयोडीनचा निळा रंग काही उतरेना, म्हणजे एन्झाइम काम करत नव्हतं. उपाय पुस्तकी आहे: ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे वाढ) ०.६ ला आल्यावर तापमान १६ ते १८ वर आणा, आयपीटीजी ०.१ मिलिमोलरपर्यंत कमी करा, रात्रभर ठेवा. पण त्यासाठी रेफ्रिजरेटेड शेकर हवा. साधा शेकर खोलीच्या तापमानाखाली जातच नाही. काही प्रोटोकॉलमध्ये सरळ ‘रूम टेम्परेचरला रात्रभर’ असं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याची रूम २२ अंशांची असणार; आमची मे महिन्यात पंखा लावून ३५ च्या पुढे. पेशीत प्लाझमिड शिरवायच्या हीट शॉकला ४२ अंश लागतात, तेवढे तर दुपारी गच्चीवर फुकट मिळतात.

त्यामुळे आमचं वेळापत्रक हवामानानं ठरवलं. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, उघड्या खिडकीशेजारच्या साध्या शेकरवर विरघळलेलं प्रथिन मिळालं, सक्रियही. उन्हाळ्यात तेच क्लोन, तीच माणसं, आणि पुन्हा गाळ. स्ट्रेनला यात दोष देणं अन्यायाचं होईल. मात्र नवीन लॅब उभारणाऱ्याला मी म्हणेन, महागडे कॉम्पिटंट सेल (बाहेरचा डीएनए घ्यायला तयार केलेल्या पेशी) घेण्याआधी गार शेकरसाठी पैसे बाजूला काढा.

दुसरी कामाला आलेली गोष्ट म्हणजे ऑटोइंडक्शन. स्टुडियर यांचाच २००५ चा मार्ग: माध्यमात ०.०५ टक्के ग्लुकोज, ०.२ टक्के लॅक्टोज, ०.५ टक्के ग्लिसरॉल. जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, मग लॅक्टोजकडे वळतो आणि स्वतःच कुलूप उघडतो. ओडी बघत रात्री थांबायला नको, आयपीटीजीचा खर्च नाही. फ्लास्क मात्र पाचव्या हिश्श्याहून जास्त भरू नका, हवा पुरत नाही. आणि वीज गेली की शेकर थांबतो. यूपीएस नसेल तर त्या बॅचचं काही खरं नाही.

शुद्धीकरणात मात्र उष्णता आपल्या बाजूनं उभी राहते. हे अमायलेज उष्णतेला दाद देत नाही. पेशी फोडून मिळालेला अर्क थोडं कॅल्शियम घालून ७० अंशांवर वीसेक मिनिटं ठेवला की ई. कोलायची बहुतेक प्रथिनं साकळून खाली बसतात. सेंट्रिफ्यूज केलं की हिस्टिडीनचं शेपूट पकडणाऱ्या निकेलच्या कॉलमचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. बफरमध्ये ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन अजिबात नको: ते कॉलमवरचं निकेलही ओढतं आणि अमायलेजचं कॅल्शियमही.

प्लाझमिड घेतलेल्या पेशींची कॅनामायसिन या अँटिबायोटिकवर निवड सुटसुटीत जाते. अँपिसिलिनच्या प्लेटवर मोठ्या वसाहतीभोवती दिसणारी बारकी पिलावळ इथं नाही. ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला ठेवला की दरवेळी नवी ट्यूब विकत आणायची गरज नाही. वापरलेलं कल्चर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बेसिनमध्ये ओतायचं नाही, हे मुलांना रोज सांगावं लागतं.

आता मत. शिकायला, जनुकात बदल करून एन्झाइम कसं वागतं ते तपासायला, पाचपैकी साडेचार. एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांना एन्झाइम पुरवायचा विचार असेल तर दीड. ई. कोलाय माल पोटात ठेवतो, तो काढायला पेशी फोडावी लागते, आणि तिथंच खर्च चढतो. बाजारातलं अमायलेज बहुतेक बॅसिलसमध्येच बनतं, कारण तो ते सरळ माध्यमात सोडतो. आम्हीही पुढच्या वर्षी बॅसिलस सबटिलिसवर जाणार आहोत. तो ३७ अंशांना कुरकुर करत नाही असं ऐकून आहे. गार शेकरचं कोटेशनही मागवलंय.