सायकलिंगचे मोजे: मेरिनो घ्यावेत की सिंथेटिक?

कॉटनचे मोजे आधीच बाजूला ठेवू. ऑफिसच्या बुटात चालतात, पण सायकलवर ते घाम शोषतात आणि धरून बसतात, मग ओलं कापड घासत राहतं आणि लांब राइडला चवड्याखाली फोड येतातच. म्हणजे खरी निवड दोघांतच, मेरिनो लोकर की नायलॉन-पॉलिएस्टर.

आपल्याकडे लोकरीचे मोजे म्हटलं की लोक हसतात, एवढ्या उकाड्यात लोकर कशाला म्हणून. पण मेरिनो म्हणजे आजीच्या स्वेटरची लोकर नव्हे, धागा साधारण १७ ते २० मायक्रॉनचा, अजिबात टोचत नाही, आणि स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा घेऊनही पायाला ओली लागत नाही. वासाचा तर प्रश्नच नाही. ६०० किमीच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, ४० तास मिळतात, तेवढा वेळ एकच जोडी घालून शेवटी कंट्रोलला (तपासणीच्या थांब्यावर) बूट काढायचे असतील तर शेजारच्यांचाही विचार करा, पॉलिएस्टरमध्ये वास जो मुरतो तो धुऊनही पूर्ण जात नाही.

टिकण्यात मात्र सिंथेटिक पुढे, त्यातही नायलॉन, कारण घासण्याला तोच सगळ्यात चिवट. निव्वळ मेरिनो टाचेला आणि अंगठ्याशी लवकर विरते, म्हणून पाकिटावर '१०० टक्के मेरिनो' दिसलं तर खूश होऊ नका, उलट नायलॉन तीस-चाळीस टक्के आणि थोडं लायक्रा (ताणणारा धागा) असलेलं मिश्रण शोधा. दुकानात हात घालून टाच उजेडासमोर धरा, बोटं आरपार दिसत असतील तर राहू द्या. अमेरिकेत कोणी नातेवाईक असेल तर डार्न टफ या कंपनीचे मोजे मागवता येतात, व्हरमाँटमध्ये बनतात आणि कंपनी आयुष्यभराची गॅरंटी देते, फक्त इथे बसून ती वापरायची म्हणजे कुरियरचा खर्च आणि नातेवाइकाची चिकाटी दोन्ही लागतं :)

पावसाळ्यात मी सरळ सिंथेटिक म्हणेन. बुटाच्या तळाला क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तुकडा) बसवायची भोकं असतात, त्यांतून पाणी आत येतंच, मोजे भिजणारच, आणि जुलैत रात्री दोरीवर टाकलेली मेरिनो सकाळी दमटच असते, पातळ सिंथेटिक पंख्याखाली सुकून जातात. रोज सायकलने ऑफिसला जाणाऱ्याने पण हेच घ्यावेत, स्वस्त पडतात, तीन-चार जोड्या फिरवता येतात. मेरिनोची एक जोडी हिवाळ्यातल्या पहाटेच्या राइडला आणि ब्रेव्हेला ठेवा.

आता धुण्याचं, कारण निम्मे मोजे रस्त्यावर नाही तर बाथरूममध्ये मरतात. चिखलाची बारीक रेती धाग्यात बसली की तीच आतून कापत राहते, म्हणून आधी नुसत्या पाण्यात खळखळून रेती काढा, मग उलटे करून गार पाण्यात धुवा. ब्रश मारायचा नाही, धुण्याच्या मावशींनाही तसं सांगून ठेवा, नाहीतर त्या मनापासून घासतात आणि आठवड्यात गोळे येतात. मशीनमध्ये टाकायचे तर जाळीच्या पिशवीत, आणि जर्सीची चेन लावून, उघडी चेन धागा ओढते. मेरिनोला एन्झाइमवाली पावडर नको, लोकर हे प्रोटीन आहे आणि डाग काढणारं ते एन्झाइम प्रोटीनच तोडतं, त्यापेक्षा लोकरीचं लिक्विड किंवा सौम्य शाम्पू बरा. ब्लीच तर कुठल्याच मोज्याला नको. गरम पाण्यात घुसळलं की मेरिनो आटते, पुन्हा मोठी होत नाही. फॅब्रिक सॉफ्टनर दोन्हीला नको, धाग्यावर थर बसतो आणि घाम खेचणं कमी होतं.

वाळवायचे सावलीत, पिळायचे नाहीत, टॉवेलात गुंडाळून दाबा. कडक उन्हात किंवा ड्रायरमध्ये लायक्रा मरतं, मग टाच शाबूत असली तरी मोजा घोट्याखाली उतरत राहतो. अंगठ्याला बारीक भोक दिसलं तर लगेच रफू करा, गाठ मात्र बाहेरच्या बाजूला, आत राहिली तर पहिल्याच घाटात बोचेल.