मानशीवर फ्लाय की स्पिनिंग? गोव्यात रॉड घेण्याआधी

ओहोटी लागली की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारं आतल्या पाण्याच्या जोराने आपोआप उघडतात आणि खाजनातलं, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतातलं, पाणी नदीत यायला लागतं. त्याच्यासोबत बोटाच्या पेराएवढी कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते. तिथेच, दारापासून दहा-बारा मीटरवर, चोणक आणि तांबोशी टपून असतात. चोणक म्हणजे कोकणातला जिताडा. तो तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, तेव्हा होणारा 'टप्प' आवाज एकदा ऐकला की रात्री झोपेतही ऐकू येतो.

अशा एका संध्याकाळी मी दीड तास स्पिनिंग रॉडने चार इंची ल्यूर (खोटा मासा) फेकत होतो. समोर सारखं टप्प, टप्प चाललं होतं आणि माझ्या ल्यूरकडे एकही मासा फिरकला नाही. ते खात होते इंचभर कोळंबी, मी दाखवत होतो बांगड्याचं पिल्लू. फ्लाय, म्हणजे गळावर केस-धागे बांधून केलेलं हलकं आमिष, फेकायचा रॉड घ्यायचं तिथेच ठरलं. म्हणून फ्लाय घेऊ की स्पिनिंग, असं मला कोणी विचारलं, की मी आधी उलट विचारतो: तुम्ही गरवायला, म्हणजे गळ टाकायला, उभे कुठे राहता?

दोन्हींतला मूळ फरक वजनाचा आहे. स्पिनिंगमध्ये ल्यूर जड असतो आणि तो दोऱ्याला ओढून नेतो. इंचभराचा, ग्रॅमभर वजनाचा ल्यूर ३०००-४००० नंबरच्या रीलवरून लांब जातच नाही. फ्लायला जवळजवळ वजन नसतं, तिला घेऊन जाते ती जाड लाइन. रॉडचा नंबरही लाइनच्या वजनावरून ठरतो. ८ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट सुमारे १३.६ ग्रॅम भरतात, ६ नंबरचे सुमारे १०.४. त्यामुळे कोळंबीएवढी फ्लायसुद्धा पंधरा मीटरवर अलगद, आवाज न करता टेकवता येते. उथळ, शांत पाण्यात याच्या तोडीचं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

पण जेटीवर किंवा समुद्राच्या खडकांवर उभे राहणार असाल तर फ्लायच्या नादी लागू नका. स्पिनिंग रॉडने पंधरा-वीस ग्रॅमचा जिग (धातूचा जड ल्यूर) चाळीस मीटर सहज जातो. फ्लायला वीस मीटर गाठायला महिनोन्‌महिने सराव लागतो. दुपारी समुद्राचा वारा सुटला की फ्लायची लाइन अंगावर यायला लागते, आणि गोव्यात तो वारा बहुतेक दुपारी सुटतोच. त्यामुळे फ्लायसाठी पहाट आणि सकाळ. आठवड्यातून एकच संध्याकाळ मोकळी मिळत असेल, तर स्पिनिंगवर जास्त मासे लागतील हे स्पष्टच सांगतो.

खारफुटीच्या मुळांत बसलेली मोठी तांबोशी धरायलाही स्पिनिंगच हवं. गळ लागताच ती मुळांकडे धाव घेते, आणि तीस पौंड ताकदीच्या विणलेल्या दोऱ्यावर (ब्रेडवर) तिला रोखायला जी ताकद मिळते ती नऊ फुटी फ्लाय रॉडमध्ये नाही. फ्लायवर प्रयत्न करायचाच असेल तर लीडरच्या, म्हणजे लाइन आणि फ्लाय जोडणाऱ्या बारीक दोऱ्याच्या, टोकाला चाळीस पौंडाचा फ्लुरोकार्बन दोरा हवाच. चोणकासाठीही तोच, कारण त्याच्या कल्ल्यांची कड सुरीसारखी असते.

फ्लायचं ठरलंच असेल तर ८ नंबर घ्या. ६ नंबर हलका आणि गोड चालतो, कोकर माशाच्या पिल्लांना पुरतो, पण वजनदार फ्लाय आणि वारा एकत्र आले की दमतो. पैसे रॉडपेक्षा लाइनवर आधी खर्च करा. माझी पहिली लाइन थंड पाण्याच्या ट्राउटसाठी बनवलेली होती. विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि मला ठाऊक नव्हतं. एप्रिलच्या उन्हात ती मऊ पडली, रॉडच्या कड्यांना चिकटायला लागली, पाच मीटरपुढे सरकेना. उष्ण प्रदेशासाठी कडक गाभ्याची लाइन वेगळी मिळते. ती महाग असते, चांगली घेतली तर एका लाइनच्या पैशांत स्पिनिंगचा अख्खा संच येतो. तरीही तीच घ्या.

शिकायच्या गोष्टींत एक सवय मुद्दाम मोडावी लागते. मासा लागला की रॉड वर उचलायचा, हे स्पिनिंगवाल्याच्या हातात भिनलेलं असतं. फ्लायवर चोणकाला असं केलं तर फ्लाय त्याच्या तोंडातून निसटते. रॉड पाण्याकडेच रोखून ठेवायचा आणि डाव्या हाताने लाइन हातभर खेचायची. गळ रुतला की मगच रॉड उचलायचा. शिवाय बांधावर पायाशी पडलेली लाइन गवतात आणि कालवांच्या शिंपल्यांत अडकते. कमरेला प्लास्टिकची उथळ टोपली बांधून तिच्यात लाइन जमवा.

परदेशी फोटोंत लोक कमरेभर पाण्यात उभे दिसतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात तसं करू नका, तिथे मगरी आहेत. दुर्भाटसारख्या गावांत पौषात चिखलाची मगर करून तिची पूजा होते, ती उगाच नाही. बांधावरूनच गरवा, आणि मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिलेला असतो, तेव्हा ज्याच्याकडे तो आहे त्याला आधी विचारा.

फ्लाय विकत घ्यावी की स्वतः बांधावी? पहिल्या सहा विकत घ्या, म्हणजे नमुना हातात राहतो. नंतर बांधा. क्लाउझर मिनो नावाच्या फ्लायपासून सुरुवात करा. १/० नंबरचा गळ व्हाइसमध्ये (छोट्या शिकंज्यात) धरायचा, गळाच्या नेढ्याच्या थोडं मागे दोऱ्याने पाया बांधायचा आणि त्यावर धातूचे डंबेल डोळे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन घट्ट करायचे. या डोळ्यांच्या वजनाने गळ पाण्यात उलटतो, टोक वर राहतं आणि तळाच्या शिंपल्यांत कमी अडकतं. मग आधी पांढरे केस, थोडे चमकदार धागे, त्यावर हिरवट केस. केस नखाएवढ्या जाडीचेच घ्या. नवशिक्याची फ्लाय नेहमी गच्च भरलेली असते आणि पाण्यात ती कुंच्यासारखी दिसते. हरणाच्या केसांच्या फंदात पडू नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. बोकडाचे केस किंवा कृत्रिम धागे चांगले चालतात. पावसाळ्याच्या संध्याकाळी यासाठीच असतात. बांधलेल्या फ्लाय मात्र दमट हवेत उघड्या ठेवल्या तर गळ गंजतात. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात धुवून, सुकवून मगच डबीत.

रॉड हातात आला की लगेच नदीवर धावू नका. कापणी झालेल्या शेतात जा, गळाऐवजी लीडरला लाल लोकरीचा तुकडा बांधा आणि बारा मीटरवर टोपी ठेवा. दहापैकी सहा वेळा लोकर टोपीच्या हातभर अंतरात पडायला लागली, की ओहोटीची वेळ बघून मानशीवर या.