मॅडन एनएफएल २५ : आधी क्वार्टरबॅक घ्यावा की लाइनमन?

गेले काही महिने सांगलीच्या विश्रामबागेतील माझ्या खोलीत रोज रात्री तास-दीड तास ‘मॅडन एनएफएल २५’ चालू असतो. ईए स्पोर्ट्सने ऑगस्ट २०२४ मध्ये आणलेल्या या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये झटपट सामनेही खेळता येतात. पण मी लिहिणार आहे तो त्यातील ‘फ्रँचायझी’ या प्रकाराविषयी. तेथे एक संघ हाती घेऊन तो हंगामामागून हंगाम बांधत न्यायचा असतो, आणि एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या ३२ संघांनी सात फेऱ्यांत महाविद्यालयीन खेळाडू निवडायचा ड्राफ्ट हा त्या बांधणीचा पाया असतो. दुबळ्या संघाला आधी निवडण्याची संधी मिळते आणि तेथेच खरा पेच पडतो : पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू घ्यावा, की त्याच्यापुढे उभा राहून त्याला वाचवणारा लाइनमन?

पहिल्या खेपेस मी क्वार्टरबॅक घेतला. कंट्रोलर हाती आला की चेंडू त्याच्याच हातात असतो, त्यामुळे मन त्याच्याकडेच ओढ घेते. माझ्या त्या खेळाडूचा हात जोरकस होता, नजर तेज होती; पण समोरचा गडी माझ्या डाव्या टॅकलला, म्हणजे रांगेच्या टोकाच्या लाइनमनला, खांद्याने हलवून आत शिरायचा आणि लांब धावणारा जोडीदार मोकळा होण्याआधीच क्वार्टरबॅक जमिनीवर आडवा व्हायचा. चेंडू फेकण्यापूर्वी असे पाडले जाण्याला सॅक म्हणतात. दुसऱ्या फ्रँचायझीत मी पहिल्या दोन फेऱ्यांत दोन टॅकल घेतले आणि चौथ्या फेरीतल्या साधारण क्वार्टरबॅकवर भागवले. त्याच्या हाती सेकंदभर वेळ अधिक आला आणि तेवढ्यावर तो नेमके चेंडू फेकू लागला. टॅकलचे मागे पडणारे पहिले पाऊल, रुंद ठेवलेले पाय आणि प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर टेकलेले दोन्ही तळवे रिप्लेमध्ये जवळून पाहण्याचा छंदच मला तेव्हापासून लागला.

प्रत्यक्ष मैदानावरचा इतिहासही याच बाजूने बोलतो. ह्यूस्टन टेक्सन्सने २००२ मध्ये आपली पहिलीवहिली निवड डेव्हिड कार या क्वार्टरबॅकवर खर्च केली आणि त्या एका हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला. सिनसिनाटी बेंगल्सने २०२० मध्ये जो बरोला पहिल्या क्रमांकावर घेतले. त्याच वर्षी त्याचा गुडघा जायबंदी झाला. तरीही २०२१ मध्ये त्यांनी पेनेई सूएल हा टॅकल सोडून जमार चेस हा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू निवडला. चेसने ती निवड सार्थ ठरवली आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्या अंतिम सामन्यात बरो सात वेळा पाडला गेला आणि बेंगल्स २०-२३ असे हरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये विजेतेपद पटकावणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सचा जेलन हर्ट्स दुसऱ्या फेरीत निवडला गेलेला होता. त्याचा डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा रग्बी खेळून आलेला ऑस्ट्रेलियन तर सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीतला. पॅट्रिक माहोम्ससारखा क्वार्टरबॅक हाताशी असतानाही त्यांचा प्रतिस्पर्धी कॅन्सस सिटी संघ तो अंतिम सामना २२-४० असा हरला, कारण ईगल्सच्या बचावातील, म्हणजे क्वार्टरबॅकवर चाल करणाऱ्या लाइनमननी त्याला श्वास घेऊ दिला नाही.

सांगलीकराला हे उमजायला जड जाऊ नये. कबड्डीच्या मैदानावर टाळ्या चढाईपटूला मिळतात, पण डावा कोपरारक्षक ढिला पडला की आघाडी कशी वाहून जाते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

ज्यांचे नाव या खेळाला आहे ते जॉन मॅडन स्वतः लाइनमन होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ईगल्सने त्यांना १९५८ मध्ये निवडले, सराव शिबिरातच गुडघा दुखावला आणि एकही अधिकृत सामना न खेळता त्यांची कारकीर्द संपली. त्या दुखापतीच्या काळात नॉर्म व्हॅन ब्रॉकलिन या क्वार्टरबॅकबरोबर सामन्यांच्या चित्रफिती पाहत ते खेळ शिकले. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी ओकलंड रेडर्सला जानेवारी १९७७ मध्ये सुपर बोल जिंकून दिला, तेव्हा त्यांच्या आक्रमणाची डावी बाजू जीन अपशॉ आणि आर्ट शेल हे लाइनमन सांभाळत होते. संगणकावरील खेळाची आखणी सुरू असताना दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू हवेतच, हा आग्रहही त्यांचाच. गडी कमी केले असते, तर सर्वांत आधी लाइनमनच गाळले गेले असते.

हा खेळ घ्यावा का, असे विचारणाऱ्यास मी ‘जरूर घ्यावा’ असेच सांगेन. मात्र नियमांची तोंडओळख नसेल तर आधी दोन-चार सामने पाहावेत, आणि फ्रँचायझी सुरू करताच चेंडू सुटण्यापूर्वी लाइनमनना डावी-उजवीकडे सरकवण्याची सूचना कशी द्यायची, ते शिकून घ्यावे. हाताशी खरोखर असामान्य क्वार्टरबॅक येत असेल तर तो सोडू नये, पण दोन्ही टॅकल भक्कम झाल्याशिवाय त्याला मैदानात उतरवूही नये. माझी तिसरी फ्रँचायझी परवाच सुरू झाली असून निवडीच्या यादीत सध्या सर्वांत वर एका डाव्या टॅकलचे नाव आहे.