‘द नाइट्स टेल’ची सटीप आवृत्ती : टिपांसाठी घ्यावी, प्रस्तावना शेवटी वाचावी

जेफ्री चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील यात्रेकरूंपैकी नाइट जी पहिली कथा सांगतो, ती मूळ चौदाव्या शतकातील इंग्रजीत वाचावी, असे बरीच वर्षे मनात होते. गेल्या पावसाळ्यात त्या कथेची एक स्वतंत्र, सटीप विद्यार्थी आवृत्ती मागवली आणि दोन महिन्यांत ती दोनदा वाचून काढली. माझ्या तक्रारी हाती आलेल्या एकाच प्रतीवरून केलेल्या असल्याने प्रकाशकाचे नाव लिहीत नाही. परंतु पुढे प्रस्तावना, मध्ये मूळ संहिता, पानाखाली शब्दार्थ आणि मागे टिपा, अशा घडणीची आवृत्ती निवडणाऱ्यास या परीक्षणाचा उपयोग व्हावा.

कथा थोडक्यात सांगतो. अथेन्सचा ड्यूक थीसियस थीब्ज नगर जिंकतो, तेव्हा प्रेतांच्या राशीत पॅलमन आणि आर्साइट हे राजवंशातील दोन तरुण अर्धमेल्या अवस्थेत सापडतात आणि त्यांना बुरुजातील जन्मठेप होते. मे महिन्यातील एका सकाळी पॅलमनला खिडकीतून बागेत फिरणारी एमिली, थीसियसची मेहुणी, दिसते आणि तो कळवळून ओरडतो. त्याला काय झाले ते पाहायला गेलेला आर्साइटही तिच्यावर लुब्ध होतो. तेथून पुढे चार भागांत आणि २,२५० ओळींत या दोघांचे वैर चालते. दोघेही कैदी आहेत, आणि जिच्यासाठी ते भांडतात तिला त्यांच्या असण्याचा पत्ताही नाही, ही यातील खरी गंमत.

आवृत्तीचे मोल कळते ते याच भांडणाच्या पानांवर. दोघे एकमेकांना ‘कोझिन’ म्हणतात. या शब्दाखाली शब्दार्थ दिला आहे ‘नातलग’, आणि तो चुकीचा नाही, कारण त्या काळी हा शब्द तितकाच सैल होता. परंतु चॉसरने आधीच सांगून ठेवले आहे की हे दोघे दोन सख्ख्या बहिणींचे मुलगे आहेत. जे सांगायला आधुनिक इंग्रजीला पुरी ओळ खर्चावी लागते, त्यासाठी आपल्याकडे ‘मावसभाऊ’ हा एकच शब्द आहे, आणि तो मनात धरून वाचू लागल्यावर संवादांना एकदम घरातल्या भांडणाचा सूर येतो. शिवाय ते नुसते मावसभाऊ नाहीत. मरण येऊन ताटातूट होईपर्यंत प्रेमात किंवा अन्य कशातही एकाने दुसऱ्याच्या आड यायचे नाही, अशी शपथ त्यांनी घेतलेली आहे, आणि पॅलमन तिचीच आठवण देऊन आर्साइटला विश्वासघातकी ठरवतो. आर्साइटचे उत्तर एखाद्या मुरलेल्या वकिलाचे आहे: ती बाई आहे की देवी हे तुला ठरवता येत नव्हते, म्हणजे तुझी ती भक्ती झाली; बाई म्हणून तिच्यावर प्रेम प्रथम मी केले. आणि प्रेमिकाला कायदा कोण लावणार, हे तो वर ऐकवतो. हा विचार सहाव्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ बोइथियस याचा आहे आणि त्याचा ग्रंथ चॉसरने स्वतः इंग्रजीत आणला होता, हे टीप नेमके सांगते.

शपथेच्या बंधुत्वावरची टीप ही या पुस्तकातील सर्वांत उत्तम दोन पाने आहेत. अॅमिस आणि अॅमिलून यांच्या मध्ययुगीन कथेत कुष्ठरोगी झालेल्या मित्राला बरे करण्यासाठी दुसरा मित्र स्वतःच्या मुलांचे रक्त देतो, याचा दाखला तेथे आहे; म्हणजे श्रोत्यांना अशी शपथ कुठवर पाळली जाते हे ठाऊक होते आणि म्हणूनच आर्साइटचा युक्तिवाद त्यांच्या कानाला अधिक खटकला असेल. मला त्याहून मोलाचा वाटला तो दुसरा, प्रत्यक्षातला दाखला. चॉसरच्या परिचयातील सर जॉन क्लॅनव्हो आणि सर विल्यम नेव्हिल हे दोन नाइट १३९१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलजवळ काही दिवसांच्या अंतराने वारले आणि एकाच थडग्यात पुरले गेले. त्यांची समाधिशिला आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिच्यावरील ढालींत दोघांची कुलचिन्हे पतिपत्नींची जोडतात तशी एकत्र कोरलेली आहेत. हाच क्लॅनव्हो स्वतः कवी होता आणि त्याच्या कवितेचा आरंभ ‘द नाइट्स टेल’मधील दोन ओळींनी होतो.

भाषेच्या अडचणीविषयी मराठी वाचकाने फार धास्ती घेऊ नये. सार्थ ज्ञानेश्वरी ज्यांनी वाचली आहे, त्यांना ओवीवरून अर्थाकडे आणि पुन्हा ओवीकडे जाण्याची सवय असते, आणि १२९० मधील मराठीच्या मानाने सुमारे शंभर वर्षांनंतरची ही इंग्रजी अधिक परकी नाही. अडते ते उच्चारात. ‘नाइट’ हा शब्द तेव्हा ‘क्निख्त’च्या जवळपास उच्चारत, आणि शब्दाच्या शेवटचा आज मुका झालेला स्वर पुष्कळदा म्हणावा लागे, नाहीतर ओळीतील दहा अक्षरे भरत नाहीत. उच्चारांचे दीड पानी टिपण येथे आहे, पण ते अपुरे आहे. मी समासात देवनागरीत उच्चार लिहून घेतले आणि काम भागले.

प्रस्तावनेने मात्र निराशा केली. दोघांपैकी एमिलीवर खरा हक्क कोणाचा, या एकाच प्रश्नाभोवती ती तीस पाने फिरते. चॉसरला हा प्रश्न विचारायचा आहेच. सुटका होऊनही अथेन्समधून हद्दपार झालेला आर्साइट अधिक दुःखी की तुरुंगात राहून एमिलीला रोज पाहू शकणारा पॅलमन अधिक दुःखी, असे नाइट श्रोत्यांना उघड विचारतो. परंतु त्याच ठिकाणी हे दोघे एकमेकांचा हेवा करताना काय म्हणतात, तिकडे प्रस्तावनाकाराचे लक्ष नाही. ‘प्रिय कोझिन पॅलमन, जीत तुझी झाली,’ असे आर्साइट म्हणतो. ‘आर्साइट, माझ्या कोझिना, आपल्या भांडणाचे फळ तुला मिळाले,’ असे पॅलमन म्हणतो. बोकाचोच्या ‘तेसेइदा’ या मूळ इटालियन काव्यात एमिलीला आधी आर्साइट पाहतो आणि दोघे मित्र कैदेत एकत्रच झुरतात. चॉसरने पाहण्याचा क्रम उलटवला आणि भांडण पहिल्याच क्षणाला आणून ठेवले. हा बदल प्रस्तावनेत एका वाक्यात उरकला आहे, हे अक्षम्य वाटते.

रानातील प्रसंगाचेही तेच. सातव्या वर्षी तुरुंगातून पळालेला पॅलमन आणि वेश पालटून परतलेला आर्साइट तेथे समोरासमोर येतात. पॅलमन निःशस्त्र आहे, म्हणून आर्साइट त्याला रात्रीपुरते अन्न व अंथरूण आणून देतो, सकाळी दोन चिलखते घेऊन येतो, आणि एकमेकांचा जीव घेण्यापूर्वी दोघे सख्ख्या भावांसारखे एकमेकांना चिलखत चढवतात. संपूर्ण कथेत मला याहून हृद्य जागा आढळली नाही. तिच्यावर टीप एका ओळीची आहे आणि ती चिलखताच्या भागांविषयी आहे.

एमिलीच्या वाट्याला प्रस्तावनेत अर्धे पान आले आहे. या दोघांच्या भानगडीची तिला कोकिळेइतकी किंवा सशाइतकीच माहिती आहे, असे थीसियस हसत म्हणतो. पुढे डायनाच्या देवळात ती कुमारिका राहू देण्याची प्रार्थना करते आणि ती नाकारली जाते. एमिली कोणाची हे ठरवण्यासाठी थीसियस शंभर-शंभर वीरांचा जो सामना लावतो, त्याला आपल्याकडचा वाचक चटकन ‘स्वयंवर’ म्हणेल, पण वरमाला जिच्या हाती असावी तिला येथे कोणी विचारतच नाही. जाता जाता सांगतो, आर्साइटच्या बाजूने लढायला एमेट्रियस नावाचा चक्क भारताचा राजा येतो, आणि त्याचे केस पिवळे, कुरळे असून चेहऱ्यावर वांग आहेत. यावर एकही टीप नाही!

छपाई स्वच्छ आहे, टंक डोळ्यांना सुखाचा आहे. बांधणी तिसऱ्या भागाशीच उकलली. अधिक त्रास ओळींच्या क्रमांकांचा झाला. संहितेत क्रमांक १ पासून दिले आहेत आणि मागील काही टिपा मात्र ८५९ ते ३१०८ या सर्वमान्य क्रमाने जातात, त्यामुळे दर वेळी ८५८ वजा करत बसावे लागते. हार्वर्ड विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ओळीखाली ओळ असे आधुनिक इंग्रजी भाषांतर विनामूल्य मिळते. ते शेजारी उघडे ठेवले तर ही कटकट कमी होते. तरीही शपथेवरच्या त्या दोन पानांसाठी मी ही प्रत पुन्हा विकत घेईन.

सामना जिंकूनही घोड्यावरून पडून मरायला टेकलेला आर्साइट एमिलीला सांगतो की माझ्या कोझिनशी मी तुझ्या प्रेमापायी आणि मत्सरापायी फार दिवस वैर केले, पण प्रेम करण्याजोगा त्याच्याइतका दुसरा कोणी मला माहीत नाही. तो शब्द आधी येऊन गेल्यामुळे या पानाखाली त्याचा अर्थ दिलेला नाही. तेथे मी पेन्सिलीने ‘मावसभाऊ’ लिहून ठेवले आहे.